बडोद्याहून दमण आणि वसई: पोर्तुगीज किल्ले आणि चर्च पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी

आधी दमण, मग वसई. बडोद्याहून गाडीने निघून पोर्तुगीजांचे किल्ले आणि त्यांच्या आतली जुनी चर्च पाहायची असतील, तर एवढा क्रम पाळा. बाकीचे सगळे तुमच्या सोयीने बदलले तरी चालेल. आपल्याकडची बरीच मंडळी नेमके उलटे करतात. चिमाजीअप्पांचे नाव लहानपणापासून ऐकलेले असते, म्हणून आधी वसई गाठतात. तिथे छप्पर उडालेल्या भिंती आणि वाढलेला झाडोरा दिसतो, काय पाहायचे ते कळत नाही, आणि तासाभरात फोटो काढून परत फिरतात. दमणला जातात ते वेगळ्याच वेळी, समुद्रावर. किल्ला गाडीच्या काचेतून बघितला तर बघितला. दोन्ही ठिकाणी जाऊन दोन्ही अर्धी राहतात.

हा क्रम इतिहासामुळे ठरतो. वसई पोर्तुगीजांना १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून तहात मिळाली आणि दमण त्यांनी १५५९ मध्ये घेतले. बांधणारे तेच, शतक तेच, बांधायची रीतही तीच. पुढे वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकली, दमण मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिले. त्यामुळे दमणच्या चर्चवर आजही छप्पर आहे, वेदीवर कोरीव लाकडी काम आहे, आत प्रार्थना होते. वसईत त्याच रचनेचा नुसता दगडी सांगाडा उभा आहे. दमण नीट पाहून वसईला गेलात, तर त्या सांगाड्यात कुठे काय होते ते तुम्हाला कोणी सांगावे लागत नाही.

निघण्यापूर्वी

तीन दिवस आणि दोन मुक्काम लागतात. बडोदे ते दमण सुमारे २७० किलोमीटर, दमण ते वसई किल्ला सुमारे १५०, आणि वसईहून थेट बडोदे पावणेचारशेच्या आसपास. अंतरे फार नाहीत. वेळ जातो तो सुरतेच्या आसपास, वापीत, आणि मनोरपासून वसई फाट्यापर्यंतच्या ट्रकच्या गर्दीत. दोन दिवसांत उरकता येईल असे कागदावर दिसते, पण मग दोन्हीपैकी एक किल्ला भर दुपारच्या उन्हात पाहावा लागतो. ते टाळा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात वसईचा किल्ला हिरवागार आणि फार देखणा दिसतो हे खरे, पण पायऱ्यांवर शेवाळ धरते, गवतात साप असतात आणि महामार्गावर पाणी साचून तासन्‌तास जातात. पहिल्या खेपेला पावसाळा नकोच. उन्हाळ्यात समुद्राकाठचा दमटपणा दहा वाजताच जीव नकोसा करतो.

शुक्रवारी पहाटे निघालात तर सगळे छान जुळते. शुक्रवारची रात्र दमणला, शनिवारची वसईला, आणि रविवारी सकाळी वसईत मराठीतली मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, ऐकता येते. शनिवारी रात्री दमणच्या हॉटेलांत सुरत, वापी आणि आपल्याकडची गर्दी उसळते, भाडी चढतात आणि खोली मिळणेही मुश्किल होते. शुक्रवार त्या मानाने शांत. तरी दोन्हीकडची खोली निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा. दमणमध्ये देवका आणि जांपोर या दोन किनाऱ्यांकडे राहायची सोय आहे. जांपोर मोटी दमणच्या बाजूला आहे, म्हणून सकाळी किल्ल्यात लवकर पोचायचे असेल तर ते बरे पडते.

गाडीची तयारी नेहमीचीच: फास्टॅगमध्ये पैसे, टायरमधली हवा, स्टेपनी, विमा आणि पीयूसीचे कागद. गुजरात, दमण आणि महाराष्ट्र अशा दोन हद्दी ओलांडायच्या असल्यामुळे कागद हाताशी ठेवा. आता एक गोष्ट स्पष्टच सांगते, कारण नव्या माणसाची सहल तिथेच बिघडते. दमणमध्ये दारू उघड मिळते, गुजरातमध्ये दारूबंदी आहे. दमणहून बाहेर पडले की वसईच्या वाटेवरही आधी वापी, म्हणजे गुजरातच लागतो. नाक्यावर गाड्या तपासतात. परवान्याशिवाय एक बाटली सापडली तरी गुन्हा दाखल होतो आणि गाडीही अडकू शकते. सोबतच्या प्रत्येकाला हे आधीच बजावून ठेवा, आणि बॅगा भरताना पुन्हा एकदा विचारा.

सोबत घ्यायच्या वस्तूंमध्ये पाणी भरपूर हवे, कारण वसई किल्ल्यात आत गेल्यावर प्यायला पाणी मिळेल हे धरून चालू नका. स्वच्छतागृहाचेही तसेच, गावातून निघतानाच उरकून घ्या. पायात चपला नकोत, बूट हवेत. टोपी, टॉर्च (वसईतल्या काही जिन्यांत आणि दालनांत भरदिवसा अंधार असतो), आणि चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे. वाटेत खायला दशम्या, थेपले, लीलो चिवडा घ्या. पहाटे सहाला निघायचे तर सेव उसळीची दुकाने उघडलेली नसतात.

चर्चमध्ये कसे वागायचे

आपल्या घरांत चर्चमध्ये जाण्याची सवय नसते, त्यामुळे पहिल्यांदा जाणारा दारातच बिचकतो. बिचकू नका. मिस्सा चालू नसेल तर कोणीही आत जाऊन शांतपणे बसू शकतो. बूट काढायची पद्धत नाही, पण टोपी काढावी. फोन गप्प करावा. वेदीच्या पायऱ्या चढू नयेत. जिथे बाकांची रांग संपते तिथे आपणही थांबावे. मिस्सा चालू असताना फोटो अजिबात नको. तेव्हा आत जायचे असेल तर शेवटच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा. शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन धर्मगुरूंकडून छोटी पांढरी भाकर घेतात. आपल्याला प्रसादाची सवय असल्यामुळे नकळत पाय तिकडे वळतात. पण ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक भाविकांसाठीच असते आणि त्यांच्या श्रद्धेत तिचे स्थान फार वरचे आहे. आपण बाकावर बसून राहावे, त्यात कोणाला काही वाटत नाही.

दार बंद दिसले तर कुलूप हलवत बसू नका. शेजारच्या घरी किंवा चर्चच्या कार्यालयात नम्रपणे विचारा. दमणला गुजराती आणि वसईला मराठी, म्हणजे बडोद्याच्या मराठी माणसाला भाषेची अडचण दोन्हीकडे नाही. ही आपली मोठीच सोय आहे, तिचा उपयोग करून घ्या.

पहिला दिवस: सुरतमार्गे दमण

सहाला निघालात तर भरूचच्या नर्मदेच्या पुलावर उजेड असतो. बडोदे ते भरूच नवा एक्स्प्रेसवेही आता आहे, त्याने वेळ वाचतो. नऊच्या सुमारास सुरत येते. सुरतेत शिरायचे की नाही ते तिथल्या तिथे ठरवा. उशीर झाला असेल तर सरळ पुढे जा. वेळ असेल तर दोनच ठिकाणे पाहा.

पहिले म्हणजे चौक बाजाराजवळचा तापीकाठचा किल्ला. पोर्तुगीजांनी सुरतेवर वरचेवर हल्ले केले, शहर जाळले, म्हणून सुलतान महमूद तिसऱ्याच्या काळात खुदावंदखानाने १५४० च्या दशकात तो बांधला. आपण ज्यांचे किल्ले पाहायला निघालो आहोत, त्यांच्या धाकाने उभा राहिलेला हा किल्ला आहे, म्हणून प्रवासाची सुरुवात इथून झाली तर बरे. डागडुजी करून आत संग्रहालय केले आहे.

दुसरे ठिकाण कतारगाम भागातली इंग्रजांची आणि डचांची जुनी कबरस्ताने. इंग्रजांच्या कबरस्तानात ऑक्झेंडन बंधूंची घुमट असलेली भव्य कबर आहे. यातला सर जॉर्ज ऑक्झेंडन हा जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता. १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. कबर पाहताना तिचा आकार लक्षात ठेवा. घुमट, कमानी, सगळे इथल्या मकबऱ्यांच्या धर्तीवर. व्यापारी म्हणून आलेल्या इंग्रजांनी आणि डचांनी इथल्या अमीर-उमरावांशी बरोबरी दाखवायला इथलाच थाट उचलला. दमणला पोचल्यावर दिसेल की पोर्तुगीजांनी अगदी वेगळे केले. त्यांनी आपली चर्च, आपले चौक, आपल्या तटबंद्या, सगळे आपल्या देशातल्यासारखे इथे उभारले.

सुरत सोडल्यावर वलसाडच्या पुढे अतुलजवळ महामार्गावरूनच पारनेरा डोंगर दिसतो. त्यावरचा किल्ला छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात मराठ्यांनी घेतला होता. चढायला वेळ लागतो, त्यामुळे या खेपेला लांबूनच नमस्कार. वापीला महामार्ग सोडून उजवीकडे वळले की दमण बारा-पंधरा किलोमीटरवर.

दमणगंगा नदी गावाचे दोन भाग करते. उत्तरेला नानी दमण, दक्षिणेला मोटी दमण. नावावरून फसू नका: बाजार, हॉटेले, वर्दळ नानी दमणला आहे, मोठा किल्ला आणि शांतता मोटी दमणला. पहिल्या संध्याकाळी नानी दमणचा सेंट जेरोमचा किल्ला पाहा. मुघलांच्या धास्तीने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, १६१४ ते १६२७ या काळात बांधलेला हा लहानसा किल्ला आहे. नदीकडच्या दरवाजावर संत जेरोमचा मोठा पुतळा आहे आणि दाराच्या दोन्ही बाजूंना धिप्पाड मानवी आकृती कोरल्या आहेत. आत अवर लेडी ऑफ द सी हे चर्च आणि एक जुने कबरस्तान आहे. तटावर चढा. खाली मच्छीमारांचे बंदर, पलीकडच्या तीरावर मोटी दमणचा तट. दोन्ही किल्ले मिळून नदीचे मुख कसे राखत होते, हे तिथून एका नजरेत कळते. एवढ्यासाठी तरी अंधार पडण्याआधी पोचा.

दुसरा दिवस, सकाळ: मोटी दमण

या सकाळी वेळेची कंजुषी करू नका. आठ वाजता पोचा आणि चार तास हाताशी ठेवा.

जमिनीकडच्या दरवाजाने आत शिरा, पण त्याआधी बाहेर थांबून तट पाहा. आपल्या डोळ्यांत सह्याद्रीतले किल्ले असतात: डोंगराचा कडा, गोल बुरूज, वळसा घालून लपवलेला दरवाजा. इथे सपाट जमीन आहे आणि बुरूज टोकदार, कोनाकोनांचे आहेत. तोफा आल्यावर युरोपात किल्ल्यांचा हा आकार ठरला. गोल बुरुजाच्या पायथ्याशी एक आंधळा कोपरा उरतो. शत्रू तिथे पोचला तर वरून दिसत नाही आणि तोफही तिथवर वाकत नाही. टोकदार बुरुजांची रचना अशी की प्रत्येक बुरुजाच्या बाजूंवर शेजारच्या बुरुजावरून मारा करता येतो, कोपरा लपत नाही. मोटी दमणला असे दहा बुरूज आहेत आणि जमिनीकडच्या बाजूला खंदक आहे. एका बुरुजावर उभे राहून शेजारचे दोन कुठे दिसतात ते पाहा. हे एकदा डोळ्यांनी कळले की जगातला कुठलाही तोफांच्या काळातला किल्ला तुम्हाला वाचता येतो.

आत गाव आहे: सरळ रस्ते, जुनी झाडे, सरकारी कार्यालये. बॉम जीझस चर्च शोधायला अवघड नाही. दमण घेतल्याबरोबर १५५९ मध्ये इथे छोटे प्रार्थनास्थळ झाले आणि आजचे चर्च १६०३ मध्ये पूर्ण झाले. लोक त्याला कॅथेड्रल म्हणतात. काटेकोरपणे कॅथेड्रल म्हणजे बिशपचे आसन जिथे असते ते चर्च. दमण आज गोवा आणि दमणच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत येते, आणि त्यांचे आसन गोव्यात आहे. पण या प्रवासात नावापेक्षा मांडणीकडे लक्ष द्या.

मांडणी अशी पाहा. आधी दर्शनी भिंत: दाराभोवतीचे कोरीव खांब, वर खिडकी, वर निमुळता माथा. आत पाऊल टाकले की लगेच मागे वळून वर बघा. दारावर एक सज्जा असतो, गाणारे तिथे उभे राहतात. मग समोर लांबलचक सभागृह, भाविकांचे बाक, वर लाकडी छत. टोकाला मोठी दगडी कमान, आणि तिच्या पलीकडे अरुंद आणि थोडा उंच गाभा, जिथे वेदी आहे. आपल्या देवळातल्या सभामंडप आणि गाभाऱ्यासारखीच ही विभागणी आहे हे चटकन ध्यानात येते. वेदीमागे जमिनीपासून वरपर्यंत कोरलेले सोनेरी लाकूडकाम आणि त्यात संतांच्या मूर्ती. शेवटी पायाखाली बघा. फरशीत नावे, साल आणि घराण्यांची चिन्हे कोरलेले दगड असतात. ती थडगी आहेत. मान्यवरांना चर्चच्या जमिनीतच पुरत असत. त्यांवर उभे राहू नये, कडेने चालावे.

दर्शनी भिंत, सज्जा, सभागृह, कमान, गाभा, थडगी. हा क्रम मनात पक्का करा, हवे तर फोनमध्ये प्रत्येकाचा एक फोटो घ्या. उद्या वसईत त्याची गरज आहे.

समोरच्या बागेपलीकडे अवर लेडी ऑफ रोझरीचे छोटे चॅपेल आहे. बाहेरून साधे, आतून थक्क करणारे. छतापर्यंत पोचलेले सोनेरी नक्षीकाम आणि मारियामातेच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेल्या लाकडी फळ्या. माझ्या मते दमणमध्ये एकच वास्तू पाहायला वेळ असेल तर ती ही. मुलांना घेऊन जा आणि आत शिरल्यावर पाच मिनिटे कोणी काही बोलू नका. मग डोमिनिकन या ख्रिस्ती साधुसंघाच्या मठाचे अवशेष पाहा. छप्पर नाही, गाभ्याची कमान उभी. वसईची ही पूर्वतयारी.

मराठी माणसाने इथे आणखी एक आठवण ठेवावी. डिसेंबर १९६१ मध्ये दमण मुक्त करायला चालून गेली ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. १८ तारखेला लढाई झाली आणि १९ डिसेंबरच्या सकाळी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. चिमाजीअप्पांच्या मोहिमेनंतरही पोर्तुगीजांकडे राहिलेली ही जागा सव्वादोनशे वर्षांनी मराठा पलटणीपुढे वाकली. वसईकडे निघताना हे डोक्यात असेल तर दोन्ही गावे एका धाग्यात येतात.

दुपार: वसईकडे

जेवून एक वाजेपर्यंत निघा. तलासरी, चारोटी, मनोर, विरार फाटा, वसई फाटा. चारोटीपर्यंत गाडी बरी पळते, पुढे ट्रक वाढतात. मनोर ते वसई फाटा हा टप्पा संध्याकाळी सहानंतर फार रेंगाळतो, म्हणून दमणला उगाच रेंगाळू नका. वाटेत केळवे, शिरगाव, तारापूर या किल्ल्यांकडे जाणारे फाटे लागतात. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी एकामागून एक घेतलेली ही ठाणी आहेत. पण प्रत्येकासाठी महामार्ग सोडून किनाऱ्याकडे बरेच आत जावे लागते. ती वेगळ्या सहलीसाठी ठेवा.

वसई फाट्यावरून रेल्वेचा उड्डाणपूल ओलांडून पश्चिमेला या. मुक्काम वसई पश्चिमेत करा. रात्रीच्या जेवणात स्थानिक ख्रिस्ती घरांतले पदार्थ कुठे मिळाले तर नक्की चाखा, विशेषतः फुगे, म्हणजे तळलेले गोल, फुगलेले पाव. आणि वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घरच्यांसाठी घ्या.

तिसरा दिवस: वसई किल्ला

सहा-साडेसहाला किल्ल्यात हजर राहा. दहानंतर ऊन चढते, सुट्टीच्या दिवशी लग्नाआधीच्या फोटोशूटची आणि क्रिकेटची गर्दी होते. जेट्टीकडे जाणारा रस्ता किल्ल्याच्या आतूनच जातो, त्यामुळे गाडी आत नेता येते. एका बाजूला लावा आणि पायी फिरा. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. भिंतीवर चढणे, नावे कोरणे, परवानगीशिवाय ड्रोन उडवणे हे कोणीही करू नये.

सुरुवात दर्या दरवाजाजवळच्या सेंट जोसेफ चर्चपासून करा. वसईतले हे मुख्य चर्च. यालाही लोक कॅथेड्रल म्हणतात. १६०१ मध्ये ते पुन्हा बांधल्याचे शिलालेखात नोंदले होते. उंच मनोरा दुरून दिसतो. मनोऱ्यात गोल जिना आहे, पण पहिल्यांदा आलेल्याने तो चढायच्या भरीस पडू नये. पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि वर कठडा नाही.

आता कालची उजळणी. दर्शनी दारातून आत या आणि मागे वळून वर बघा. सज्जा नाही, पण भिंतीत चौकोनी खोबण्यांची रांग दिसेल. सज्ज्याच्या तुळया त्यांत बसलेल्या होत्या. समोर सभागृहाच्या जागी आभाळ. टोकाची कमान मात्र शाबूत, आणि तिच्या पलीकडे गाभ्यावरचे अर्धगोल दगडी छत अजून डोक्यावर आहे. सभागृह गेले आणि गाभा राहिला, तो का? सभागृह रुंद असल्यामुळे त्यावर लाकूड आणि कौलांचे छप्पर होते. माणसे गेली, डागडुजी थांबली, लाकूड कुजले आणि छप्पर कोसळले. गाभा अरुंद, त्यावर दगडी कमानीचे छत घालता आले, ते टिकले. किल्ल्यातल्या प्रत्येक चर्चमध्ये हेच दिसेल. काल दमणला वर पाहिलेले ते लाकडी छत इथे मनाने घालून बघा.

त्यानंतर बालेकिल्ला. पोर्तुगीजांनी पहिल्यांदा बांधला तो हा छोटा किल्ला. बाहेरची मोठी तटबंदी नंतरची. पुढे जेझुइट या दुसऱ्या साधुसंघाचे चर्च, ज्याची दर्शनी भिंत सगळ्यांत देखणी आहे. खांबांच्या ओळी आणि येशूच्या नावाची आय-एच-एस ही तीन अक्षरे पाहा. हे चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्याशी जोडलेले आहे. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेले गोन्सालो जपानमध्ये धर्मप्रसारासाठी गेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. फेब्रुवारीत त्यांच्या सणाला इथे भाविक जमतात, म्हणजे हा किल्ला नुसता अवशेष नाही. फ्रान्सिस्कन या तिसऱ्या साधुसंघाच्या चर्चमध्ये फरशीभर थडग्यांचे दगड आहेत. घराण्यांची चिन्हे निवांत पाहायची तर इथे. डोमिनिकनांचा उंच चौकोनी मनोराही जवळच आहे.

आणि मग तट. मोटी दमणला शिकलेले इथे लावा: टोकदार बुरूज, शेजारच्या बुरुजाची नजर, एका बाजूला खाडी, दुसरीकडे दलदल. चिमाजीअप्पांना फक्त एका बाजूने जमिनीवरून भिडता येत होते. फेब्रुवारी १७३९ ते मे १७३९ असा वेढा चालला. तोफांनी असा तट सहजी फुटत नाही, म्हणून मराठ्यांनी सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग लावले आणि पडलेल्या खिंडारातून वर चढले. हजारो माणसे कामी आली. शेवटी पोर्तुगीजांनी अटींवर किल्ला सोडला आणि मराठ्यांनी त्यांना सन्मानाने, बायकामुलांसह जाऊ दिले. बुरुजाच्या पायथ्याशी उभे राहून वर बघितल्याशिवाय त्या मे महिन्यातल्या मावळ्यांचे धाडस पुरते कळत नाही. चिमाजीअप्पांच्या स्मारकापाशी जाण्याआधी बुरुजाखाली जा. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आजही टांगलेली आहे, कधी गोदावरीकाठी गेलात तर पाहा. किल्ल्यात नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे देऊळही आहे.

नऊपर्यंत आटोपले तर पापडीला जा. तिथले अवर लेडी ऑफ ग्रेस हे आजच्या वसई धर्मप्रांताचे खरेखुरे कॅथेड्रल. धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला. रविवारी मिस्सा मराठीत असते. मराठीतली स्तोत्रे, मराठीतले प्रवचन, नऊवारी नेसलेल्या आजीबाई. मिस्साच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. उस्मानाबादला २०२० मध्ये झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे. इथले ख्रिस्ती लोक शेकडो वर्षे मराठीत राहतात, मराठीत प्रार्थना करतात. आपण दोनशे-अडीचशे वर्षे गुजरातेत राहून घरात मराठी जपली, त्यामुळे त्यांची ही चिकाटी बडोदेकराला अगदी जवळची वाटते. मिस्सा संपल्यावर दारात कोणाशी तरी दोन शब्द बोला.

परतताना शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीला जाऊन या. महामार्गापासून फार लांब नाही. वसई मिळाली तर तुझे देऊळ बांधीन, असा चिमाजीअप्पांनी देवीला नवस केला होता, आणि विजयानंतर तो फेडला. देवळाला किल्ल्यासारखा तट आहे आणि प्रवेशावरचा नगारखाना पाहताना वसईचा दरवाजा आठवतो. वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या आणि देवळापुढची दीपमाळ बडोद्याच्या गायकवाडांनी बांधलेली आहे. जवळच गरम पाण्याची कुंडे आहेत, पण गर्दीच्या दिवशी त्यात वेळ घालवू नका. एकपर्यंत शिरसाडला परत येऊन महामार्गाला लागा, जेवण मनोरच्या पुढे करा, आणि सुरत अंधार पडण्याआधी मागे टाका. म्हणजे नऊपर्यंत घरी पोचता.